एक ना धड, भाराभर चिंध्या? फाळक्यांना विचारा!

तुम्हाला चित्रं काढायला आवडतात, रील्स एडिट करता, मित्राच्या बँडचं पोस्टर तुम्हीच केलंय, मध्येच पॉटरीचा क्लासही लावून झाला. घरी मात्र एकच प्रश्न: नक्की करणार काय आहेस? त्यावर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण हमखास ऐकावी लागते. असं असेल तर आजची गोष्ट तुमच्यासाठीच. चाळिशीपर्यंत ही म्हण ज्यांना तंतोतंत लागू पडली असती, त्या धुंडिराज गोविंद फाळके यांची. म्हणजे आपले दादासाहेब.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. मुलाचा ओढा चित्रांकडे, म्हणून १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश. पुढे बडोद्याचं कलाभवन. तिथे रंगकाम झालं, फोटोग्राफी झाली, छपाईची तंत्रं हातात आली. नाटकांचे पडदेही रंगवून झाले. मग गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेलं, आणि स्टुडिओ तिथेच सोडून ते निघाले.

यानंतर जादू! हो, फाळके जादूचे प्रयोग करायचे. त्यासाठी घेतलेलं नाव होतं प्रोफेसर केळफा. ‘फाळके’ उलटं वाचा, कळेल. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली. सरकारी नोकरी, दुसरं लग्न, सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि त्यांनी नोकरी सोडली. लोणावळ्याला ब्लॉक बनवण्याचा आणि छपाईचा उद्योग सुरू केला. रंगीत छपाई नीट शिकायला १९०९ मध्ये थेट जर्मनी गाठली. परत आल्यावर छापखान्याचं नाव झालं, पण भागीदारांशी बिनसलं आणि तेही सुटलं.

आता तुम्हीच बायोडेटा लिहून बघा. चित्रकार, फोटोग्राफर, पडदे रंगवणारा, जादूगार, ड्राफ्ट्समन, मुद्रक. वय चाळीस. हातात काम नाही. नवा छापखाना काढून द्यायला भांडवलदार तयार होते, पण फाळक्यांनी नकार दिला.

त्याच सुमारास मुंबईत एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. असेच राम-कृष्ण आपल्या पडद्यावर का दिसू नयेत, हा विचार डोक्यात बसला तो बसलाच. नीट पाहिलंत तर लक्षात येईल की सिनेमा हे त्या काळात असं एकमेव काम होतं, ज्यात त्यांच्या सगळ्या ‘चिंध्या’ लागणार होत्या. फ्रेम जमवायला चित्रकार, कॅमेऱ्यासाठी फोटोग्राफर, सेटसाठी पडदे रंगवणारा, फिल्म धुण्यासाठी रसायनांची सवय असलेला मुद्रक, आणि देव अचानक प्रकट करायला जादूगार.

पण नुसती आयडिया सुचून धंदा उभा राहत नाही. फाळक्यांनी दिवसरात्र सिनेमे पाहिले, इतके की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, काम शिकले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवून आले. मोठ्या सिनेमासाठी पैसे मागण्याआधी मात्र त्यांनी एक छोटा नमुना केला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बी रुजून वेल झालेली पाहिल्यावर भांडवल द्यायला माणूस तयार झाला. आजच्या भाषेत, आधी डेमो, मग फंडिंग.

‘राजा हरिश्चंद्र’ घरातच घडला म्हणा ना. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं काम पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करत. सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्याच बघत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. त्र्यंबक तेलंग या मित्राला कॅमेरा चालवायला शिकवलं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लागला. पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट म्हणून आज तो ओळखला जातो.

खरी गंमत यापुढे आहे. फाळक्यांनी आपली ओळख पातळ होऊ दिली नाही. सर्वांना ठाऊक असलेली पुराणकथा आणि सोबत डोळे विस्फारायला लावणारा चमत्कार, हा त्यांचा खास माल. ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, मग मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण करून ‘कालियामर्दन’. फाळक्यांचा सिनेमा म्हणजे काय मिळणार, हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत असायचं.

आता दुसरी बाजूही ऐका. १९१८ मध्ये भागीदार घेऊन नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. पैसा भागीदारांचा, कला फाळक्यांची, पण शेवटचा शब्द कुणाचा? त्यावरून खटके उडाले. ते सगळं सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं आणि १९२२ मध्ये कंपनीत परतले. पुढे बोलपट आले आणि मूकपटाचं गणितच बदललं. कोल्हापूरसाठी केलेला १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा हाती फारसा पैसा उरला नव्हता.

म्हणून या गोष्टीतून दोन्ही गोष्टी घ्या. आवडींची यादी छाटायची घाई करू नका. कागदावर सगळ्या लिहून काढा आणि कुठल्या कामात त्यातल्या निदान तीन-चार एकदम लागतील, ते शोधा. सापडलं की वाटाण्याच्या वेलीएवढा छोटा नमुना करून लोकांना दाखवा. लोकांना आवडला तर ओळख त्याच एका कामाची ठेवा, बाकीच्या आवडी त्याला हातभार लावू देत. आणि कुणी भागीदार झालाच, तर शेवटचा शब्द कुणाचा हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या!