एक जात की अनेक? इरावती कर्वेंनी मोजून पाहिले

‘युगान्त’मुळे घराघरांत पोहोचलेल्या इरावती कर्वे मूळच्या मानवशास्त्रज्ञ. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, शिक्षण पुण्यात. पुढे डॉक्टरेटसाठी त्या बर्लिनला गेल्या. गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू अधिक असमान असते आणि त्याचा बुद्धीशी संबंध आहे, असा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा दावा होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा फरक दिसेना. त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. गुरूच्याच दावणीला असताना हे धाडसच!

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. एक मूळ जात फुटून पोटजाती झाल्या, असा तेव्हा समज होता. बाईंना तो पटेना. ‘कुंभार’ हे नाव एक, पण त्यात आपापसांत लग्न न करणारे अनेक गट. त्यांच्या मते सोयरीक जुळते तोच खरा गट.

पण हे सिद्ध कसे करायचे? दोन गटांची सरासरी उंची थोडी वेगळी निघाली, म्हणून गट वेगळे ठरत नाहीत. माणसे निवडताना योगायोगानेही तेवढा फरक पडतो. त्याहून मोठा फरक, तोही अनेक मोजमापांत दिसला, तरच दावा टिकतो.

कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गट असेच तपासले. १९६८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर्जा एकच, तरी आठही गट एका साच्यात बसत नव्हते. दोन वर्षांनी, ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.