पॉल एर्लिख

पॉल एर्लिख (१४ मार्च १८५४ – २० ऑगस्ट १९१५) हे जर्मन वैद्यकसंशोधक होते. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना इल्या मेच्निकोव्ह यांच्यासह विभागून मिळाले.

त्यांचा जन्म सायलेशियातील स्ट्रेलेन (आता पोलंडमध्ये) येथे ज्यू कुटुंबात झाला. विद्यार्थिदशेतच त्यांना कृत्रिम रंगांचे वेड लागले. त्यांचा १८७८ सालचा प्रबंधही ऊतींच्या रंजनावरच होता.

इओसिनोफिल पेशी

बर्लिनच्या शारिते रुग्णालयात काम करताना एर्लिख काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून तो उष्णतेने वाळवत व त्यावर निरनिराळे रंग चढवत. काही पांढऱ्या पेशींतील कण इओसिन हा आम्लधर्मी रंग उत्कटतेने शोषून तांबूस दिसतात, असे त्यांना आढळले. १८७९ साली त्यांनी या पेशींचे वर्णन केले. इओसिनोफिल म्हणजे इओसिनची आवड असलेली पेशी. जाड कणांच्या पेशी व्हार्टन जोन्स यांनी १८४६ सालीच पाहिल्या होत्या. पण रासायनिक गुणावरून पेशी ओळखण्याची रीत एर्लिख यांची. आजच्या रक्ततपासणीच्या अहवालात इओसिनोफिलचे प्रमाण वेगळे दिलेले असते, त्याचे मूळ इथे आहे.

या पेशींचे कार्य मात्र पुष्कळ नंतर उलगडले. त्यांच्या कणांत तीव्र अल्कधर्मी प्रथिने असतात. म्हणूनच ते आम्लधर्मी रंग ओढून घेतात. गिळता न येण्याइतक्या मोठ्या परोपजीवी कृमींच्या आवरणाला हीच प्रथिने इजा करतात, आणि दम्यात श्वासनलिकेच्या अस्तरालाही. एर्लिख यांना दिसलेला रंग हा एका अर्थी त्या पेशीच्या शस्त्राचाच रंग होता.

पुढील कार्य

क्षयाची बाधा झाल्याने ते काही काळ इजिप्तमध्ये राहिले. परतल्यावर रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत त्यांनी घटसर्पाच्या प्रतिविषाचे प्रमाणीकरण केले. रंग विशिष्ट कणांनाच चिकटतो, तसे विषही पेशीवरील विशिष्ट शाखांनाच चिकटत असावे. अशा शाखा अतिरिक्त निर्माण होऊन रक्तात सुटल्या की त्याच प्रतिपिंडे ठरतात, असा पार्श्वशृंखला सिद्धान्त त्यांनी १८९७ साली मांडला. त्याचा तपशील पुढे टिकला नाही, गाभा टिकला. जंतूलाच चिकटणारे औषध शोधताना १९०९ साली साहाचिरो हाता यांच्या साहाय्याने संयुग क्रमांक ६०६ उपदंशावर गुणकारी ठरले. तेच साल्व्हरसान.

बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले. नाझी राजवटीत फ्रांकफुर्टमधील त्यांच्या नावाच्या रस्त्याचे नाव ते ज्यू असल्यामुळे पुसले गेले. युद्धानंतर ते पुन्हा देण्यात आले.