हॅनिबलचा खोडकर सॅम

मुलाचे लक्ष पुस्तकापेक्षा खिडकीबाहेर अधिक असले, म्हणजे आईबापांस त्याच्या भवितव्याची चिंता वाटू लागते. अशा आईबापांनी अमेरिकेतील सुप्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन यांचे चरित्र अवश्य वाचावे.

यांचे मूळ नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिसूरी राज्यात झाला. सॅम चार वर्षांचा असता त्याचे कुटुंब मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल या लहानशा गावी राहावयास गेले. नदीत डुंबणे, डोंगरातील गुहेत भटकणे आणि शाळा चुकविणे हे त्याचे आवडते विषय. यांत तो कधीही नापास झाला नाही! एकदा गावात गोवराची साथ आली. आज होईल की उद्या, या भीतीस कंटाळून स्वारी आजारी मित्राच्या अंथरुणातच शिरली. गोवर झाला आणि प्राणावर बेतले. आईने दिलेले जळजळीत औषध मांजराला पाजून त्याची तारांबळ पाहण्याचा पराक्रमही याच वीराचा.

परंतु त्या हसऱ्या गावात गुलामगिरी होती. क्लेमेन्स यांच्या घरी सँडी नावाचा गुलाम मुलगा कामास होता. तो दिवसभर गात, ओरडत असे. एके दिवशी सॅम त्रासला व त्याला गप्प करा म्हणून आईकडे गेला. आईचे डोळे भरून आले. सँडीला दूरदेशी आईपासून तोडून विकले होते. तो गातो तोवर त्याला आईची आठवण होत नाही, गप्प बसला की जीव धास्तावतो, असे तिने सांगितले. पुन्हा सॅमला त्या गोंगाटाचा त्रास कधीच वाटला नाही.

१८४७ साली वडील वारले. लवकरच शाळा सुटली व सॅम छापखान्यात उमेदवारी करू लागला. १८५९ साली त्याने आगबोट चालविण्याचा परवाना मिळविला. दोन वाव पाणी आहे, हे सांगणारी नावाड्यांची आरोळी म्हणजे 'मार्क ट्वेन'. तेच नाव त्यांनी १८६३ साली लेखनासाठी घेतले. बाळपणीच्या खोड्या 'टॉम सॉयर' या १८७६ च्या पुस्तकात अवतरल्या. १८८४ च्या 'हकलबरी फिन' मध्ये मात्र सँडीचे दुःख बोलू लागले. हॅनिबलच्या धर्मोपदेशकांनी व्यासपीठावरून गुलामगिरीस ईश्वरी संमती असल्याचे शिकविले होते. आम्हां ख्रिस्ती जनांस हे वाचून मान खाली घालावी लागते. त्या पुस्तकातील अडाणी हक, पळालेल्या गुलामास साह्य करणे पाप आहे असे समजूनही, नरकाची भीती पत्करतो, पण मित्रास दगा देत नाही.

१८९४ साली मार्क ट्वेन यांचे दिवाळे निघाले. कायद्याचे बंधन नसताही सर्व कर्ज फेडण्यासाठी उतारवयात ते व्याख्याने देत जगभर हिंडले. जानेवारी १८९६ मध्ये मुंबईसही आले. त्याच वर्षी त्यांची लाडकी कन्या सूझी वारली. तरीही १८९८ पर्यंत त्यांनी पै न् पै फेडली. २१ एप्रिल १९१० रोजी त्यांचे देहावसान झाले.

मुलांनो, सॅमच्या खोड्या वाचून पोटभर हसा. त्यांचे अनुकरण मात्र, मांजरावर दया करून, टाळा! पण वर्गात एखादा मुलगा फारच गोंगाट करू लागला, तर त्यास गप्प करण्यापूर्वी सँडीची आठवण अवश्य ठेवा.