आधी खराटा, मग कीर्तन

शेंडगाव (जि. अमरावती) इथं २३ फेब्रुवारी १८७६ ला जन्मलेले डेबूजी जानोरकर म्हणजेच गाडगेबाबा. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा. कुठल्याही गावात गेले की आधी रस्ते, गटारं साफ करायला लागायचे. ते बघून गावकरीही पुढं यायचे. रात्री कीर्तनात कर्ज, दारू, पशुबळी यांवर लोकांनाच प्रश्न विचारायचे. लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. अंगावरच्या चिंध्या मात्र तशाच राहिल्या. पद नाही, खुर्ची नाही, तरी गावं त्यांचं ऐकायची. कारण सांगायच्या आधी ते रोज स्वतः करायचे. २० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले. आज ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव आहे. सरपंच असो की साधा गावकरी, खराटा रोज कुणीतरी आधी उचलावाच लागतो.