खाँसाहेबांचा षड्ज आणि ग्रामोफोनची चावी

घोडेगावला आमच्या आजोळी चावीचा ग्रामोफोन होता. बाजाराच्या दिवशी जनावरांचा गलबला ओसरला की आजोबा पेटी उघडत आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ ही भैरवी लावत. चावी देण्याचे काम आम्हा मुलांचे. त्यात कुचराई झाली की तबकडी संपता संपता खाँसाहेबांचा तो रेशमी आवाज जड होत खाली घसरे आणि आजोबा दचकून चावीकडे धावत.

आयुष्यभर सुराचा ध्यास घेतलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावे!

खाँसाहेब 1872 साली किराण्यात जन्मले. तरुणपणी बडोदे दरबारात गायले, तिथूनच ताराबाई माने यांच्यासह मुंबईला निघून आले. पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. संसार मात्र टिकला नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्याच घरची मुले.

सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स बावीस श्रुतींचा शोध घेत होते. त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याचा मोठा आधार मिळाला. आता हिशेब पाहा. मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी 77 वर आली, की सूर जवळजवळ एका लहान श्रुतीने उतरतो; साडेत्र्याहत्तरवर आली, की अर्ध्या सुराने. वेग एकसारखा कमी असेल तर षड्जच खाली बसतो, बाकीच्या स्वरांचे त्याच्याशी नाते बिघडत नाही. पण कमान गाता गाता सैल पडली तर षड्जालाच ठिकाण उरत नाही. आजोबांना छळत होते ते हेच.

कंपन्यांनाही ही अडचण ठाऊक होती. म्हणून ध्वनिमुद्रणाचे यंत्र पुष्कळदा खाली उतरणाऱ्या जड वजनावर फिरवीत. वजनाची ओढ थकत नाही! तरीही 1904-05 च्या सुमारास खाँसाहेबांचे पहिले मुद्रण झाले, तेव्हा सगळीकडे एकच वेग पाळण्याची शिस्त नव्हती. त्यामुळे त्या तबकड्या ऐकताना त्यांची खरी पट्टी कोणती, हा प्रश्न उरतोच. 1930 नंतरच्या ओडियनच्या तबकड्या विजेच्या मायक्रोफोनवर झाल्या. आज बहुतेकांच्या कानात आहेत ते त्याच तबकड्यांतले खाँसाहेब.

पुढे आजोळी वीज आली, रेकॉर्डप्लेअर आला. संध्याकाळी दाब उतरून दिवा मिणमिणायचा, तरी सूर ढळत नसे. त्याची मोटर दाबापेक्षा विजेच्या आवर्तनांवर चाले. मात्र खाँसाहेबांच्या मागे एक बारीक गुणगुण ऐकू येई. आजोबा म्हणत, हा तानपुरा मिरजेचा नव्हे.

ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना वाटेतच अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले, तानपुरा जुळवून घेतला, गायले, आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. तिथे दरवर्षी गाणे होते.

आजोबांची पेटी आता मामाकडे आहे. गेल्या दिवाळीत त्याने कमान बदलून घेतली. चावी द्यायला अजून पोरांचीच रांग लागते.