यंत्राचा जनक आणि त्याची खंत

आमच्या कुरुंद्यात लहानपणी पाहिलेला एक प्रसंग अजून मनातून जात नाही. शेजारच्या वाड्यात सोन्याच्या पाटल्या हरवल्या. घरी राबणाऱ्या सगळ्यांना मंतरलेले तांदूळ चघळायला दिले. ज्याचे कोरडे निघतील तो चोर! धुणीभांडी करणाऱ्या म्हातारीचे कोरडे निघाले. आठ दिवसांनी पाटल्या कणगीत सापडल्या, पण म्हातारी त्या वाड्याची पायरी पुन्हा चढली नाही.

पुढे मानसशास्त्राच्या अभ्यासात जॉन लार्सन यांची ओळख झाली, आणि ती म्हातारी आठवली.

लार्सन यांचा जन्म १८९२ साली कॅनडात झाला. शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवूनही त्यांनी अमेरिकेतील बर्कले येथे पोलिसाची नोकरी पत्करली. तेथील प्रमुख ऑगस्ट व्हॉल्मर यांना मारझोडीने मिळवलेले कबुलीजबाब नको होते. त्यांच्या प्रोत्साहनाने लार्सन यांनी १९२१ मध्ये रक्तदाब आणि श्वासोच्छ्वास यांची अखंड नोंद करणारे यंत्र बनवले. मुलींच्या वसतिगृहातील चोरीचा तपास त्यावर झाला. त्यात तपासलेल्या एका निर्दोष विद्यार्थिनीशीच पुढे त्यांनी लग्न केले!

हे यंत्र खोटे पकडत नाही. ते फक्त शरीराची खळबळ टिपते. पुढे त्यात बोटांवरच्या घामाचीही नोंद आली. परीक्षक आधी त्या व्यक्तीशी सविस्तर बोलतो, प्रश्न समजावून देतो. मग गुन्ह्याचे प्रश्न आणि तुलनेचे प्रश्न मिसळून विचारतो. उत्तर फक्त हो किंवा नाही. रेघा यंत्र काढते, अर्थ मात्र माणूस लावतो. म्हणून परीक्षक उतावळा वा पूर्वग्रही असला, तर निर्दोषाची भीतीही अपराध ठरते.

लार्सन यांना हे उमगले होते. त्यांचे सहकारी लिओनार्ड कीलर यांनी यंत्र सुटसुटीत करून त्याचा धंदा वाढवला. लार्सन मात्र व्यथित झाले. ते मनोविकारतज्ज्ञ झाले, १९३२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि आपल्याच यंत्राच्या गैरवापराची खंत बाळगत १९६५ मध्ये वारले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ठरवले, की संमतीवाचून अशी चाचणी करता येणार नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हा स्वतःच पुरावा ठरणार नाही.

म्हातारीचे तोंड भीतीने कोरडे पडले होते. ती का घाबरली, एवढे विचारणारा कोणी त्या वाड्यात नव्हता.