इतिहासाचार्य राजवाडे व आपल्या घरांतील दप्तरे

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या कार्यकारी मंडळाने यंदा सभासदांच्या घरी असलेल्या जुन्या पोथ्या, सनदा, वंशावळी व पत्रे यांची पानोपान छायाचित्रे घेऊन ती संगणकात जतन करून ठेवण्याचे ठरविले आहे. हे काम तरुण मंडळी करतील. आम्हांस त्या यंत्राचे ज्ञान बेताचेच. परंतु हेच काम ज्या पुरुषाने यंत्रावाचून, पैशावाचून, केवळ पायांच्या व लेखणीच्या बळावर केले, त्याचे चरित्र या निमित्ताने सभासदांपुढे ठेवावे, असे आमच्या मनात आले. तो पुरुष आपल्याच जिल्ह्यात जन्मला, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली पेण तालुक्यातील वरसई या गावी झाला. (हा जिल्हा पुढे कुलाबा म्हणून ओळखला गेला व १९८१ पासून रायगड झाला.) वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. शिक्षण पुण्यास झाले. डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. काही काळ त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाचे काम केले, परंतु नोकरीत त्यांचे मन रमले नाही. पत्नी तरुणपणीच निवर्तली. त्यांनी पुनरपि विवाह केला नाही. यापुढील त्यांचे आयुष्य म्हणजे एका ध्यासाचा इतिहास होय. आरंभी त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक चालविले व प्लेटोचा 'रिपब्लिक' हा ग्रंथ मराठीत आणला. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आपले सर्व लेखन मराठीतच केले. परदेशी विद्वानांस त्यांचे संशोधन हवे असेल तर त्यांनी मराठी शिकावे, अशी त्यांची धारणा होती. या हट्टाने त्यांच्या कीर्तीचे नुकसान झाले असेल. मराठीचे झाले नाही.

वाई येथे त्यांच्या दृष्टीस जुनी मोडी पत्रे पडली आणि त्यांच्या जीवनाची दिशा ठरली. पानिपतच्या काळातील त्या पत्रांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड निघाले. आज बावीस हा आकडा सहज लिहिता येतो. परंतु त्या काळी एकेका दप्तरासाठी गावोगाव हिंडावे, घरमालकाची विनवणी करावी, माळ्यावरची धूळ झाडावी, वाळवीने खाल्लेल्या कागदांतून अक्षर लावावे, ते स्वहस्ते उतरून घ्यावे, मग छापखान्याच्या खर्चाची तजवीज करावी, आणि हे सर्व करताना स्वतःचा स्वयंपाक स्वतः करून जेवावे, असा त्यांचा क्रम होता. पुष्कळ घरी कागद दाखविण्यास नकार मिळे. वतनाचा दावा निघेल, भाऊबंद हिस्सा मागतील, अशी भीती लोकांस वाटे. ती भीती आजही गेलेली नाही, हे आमच्या काही सभासदांनी क्षमा करून मान्य करावे. आणि ज्या घरी भीती नव्हती तेथे बेफिकिरी होती. कित्येक दप्तरे वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास गेली, कित्येक नदीत सोडली गेली.

राजवाडे हे केवळ राजकारणाच्या कागदांचे संशोधक नव्हते. कवींच्या पोथ्यांवरही त्यांचा तितकाच जीव होता. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचा 'राधामाधवविलासचंपू' त्यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह छापला. तो निघाला नसता तर शहाजीराजांच्या विद्याप्रिय दरबाराची आपणांस पुरती कल्पनाही आली नसती.

ज्ञानेश्वरीची कथा मात्र काहीशी खेदाची आहे. बीडजवळ पाटांगण येथे त्यांस ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यापूर्वीची ही पोथी आहे, असा राजवाडे यांचा सिद्धांत होता. ती त्यांनी १९०९ साली धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेकडून प्रसिद्ध केली व त्या भाषेचे व्याकरणही लिहिले. मराठीच्या जुन्या रूपाचा असा शास्त्रीय विचार त्यापूर्वी कोणी केला नव्हता. परंतु ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. तिचे वय किती, तीतील अमुक रूप मुळातले की संपादकाचे, याविषयी विद्वानांनी पुष्कळ वाद घातला. पण निर्णय द्यावयास साक्षीदारच उरला नाही. छापील ग्रंथात शब्द येतात. अक्षराचे वळण, शाईचा रंग, समासातली दुरुस्ती, कागदाची जात या गोष्टी येत नाहीत. त्या पोथीची नुसती छायाचित्रे असती तरी अर्धा वाद मिटला असता.

याच्या उलट एक उदाहरण त्याच वरसई गावचे आहे. 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसे हे वरसईचेच. सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडलेल्या या गरीब भिक्षुकाने आपला वृत्तांत लिहून ठेवला. चिंतामणराव वैद्य यांनी तो १९०७ साली छापला, तो सरकारच्या भयाने पुष्कळ फेरफार करून. परंतु त्यांनी मूळ हस्तलिखित नष्ट केले नाही. ते भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. म्हणून १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांस गोडसे भटजींचे मूळचे शब्द जसेच्या तसे छापता आले. हे मंडळ १९१० साली पुण्यास स्थापन झाले, ते राजवाडे यांच्याच पुढाकाराने. वरसईच्या एका पुत्राने कपाट उभारले आणि त्यात दुसऱ्या पुत्राची वही सुरक्षित राहिली.

राजवाडे यांचा स्वभाव तापट होता, हे लपविण्याचे कारण नाही. स्वतः स्थापन केलेल्या संस्थेतील मंडळींशीही त्यांचे पटले नाही व अखेरीस त्यांनी धुळ्यास वास्तव्य केले.

आपल्या समुद्रकिनाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे 'महिकावतीची बखर'. केशवाचार्याने शके १३७० च्या सुमारास रचलेला भाग पोटात असलेली ही गद्यपद्य बखर त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. उत्तर कोकणातील बिंब राजा, त्याच्याबरोबर आलेली कुळे, त्यांची गोत्रे व वतने यांची हकीकत तीत आहे. किनाऱ्यावरील अनेक ज्ञाती आपल्या कुळांचा शोध घेताना याच बखरीपाशी येतात. येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. बखरीतील सर्वच हकीकत इतिहास नव्हे, आणि राजवाडे यांनी ज्ञातींच्या उत्पत्तीविषयी बांधलेले सर्वच तर्क विद्वानांस मान्य झालेले नाहीत. काही तर उघडच एकांगी आहेत. एखादे वाक्य उचलून आपले कूळ थोर व शेजाऱ्याचे हलके ठरविण्यासाठी त्यांचा आधार घेणे शोभणार नाही. त्यांचे अनुमान बाजूस ठेवावे. त्यांनी वाचविलेला कागद मात्र हृदयाशी धरावा.

आमच्या भागात बाजारपेठेच्या गावी एका घरी ओवीबद्ध पोथी आम्ही शिक्षक असताना पाहिली होती. पानांच्या कडेने वेलबुट्टी, मध्ये देवादिकांची तांबड्या-हिरव्या रंगातील चित्रे. पंचवीस वर्षांनी पुन्हा विचारले तेव्हा घर नवे झाले होते व पोथीचा पत्ता नव्हता. कोकणचा दमट वारा, वाळवी व पुराचे पाणी यांपुढे कागदाचा टिकाव तो किती? म्हणून सभासदांस विनंती की, पोथी कोणासही देऊन टाकू नये. ती आपल्या घरीच राहील. आमचे तरुण घरी येतील, पाने क्रम न मोडता दोन्ही बाजूंनी टिपतील, कोरे पान व फाटका तुकडाही सोडणार नाहीत, आणि पोथी कोणत्या गावची, कोणी दिली, हे सोबत लिहून घेतील. राजवाडे नेमके हेच टिपून ठेवीत. कागद कोठे मिळाला हे लिहिले नाही तर त्याचे अर्धे मोल जाते. मोडी वाचणारे वृद्ध सभासद अद्याप आपल्यात आहेत. त्यांनी आठवड्यातील एक दुपार द्यावी.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाडे यांचे देहावसान झाले. मागे संपत्ती म्हणावी तर शब्दांच्या टिपणांचे व कागदांचे ढीग. परंतु धुळेकरांनी ते ढीग रद्दीत जाऊ दिले नाहीत. १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले, आणि कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी त्या टिपणांतून १९३७ साली 'मराठी धातुकोश' व पुढे १९४२ साली 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' छापून काढले. बावीस खंडांपैकी कित्येक खंड आता संगणकावर घरबसल्या वाचावयास मिळतात. पेण-अलिबाग बाजूच्या सभासदांनी आपल्याकडील कागदांची यादी दिवाळीपूर्वी चिटणिसांकडे पोहोचवावी.